निकॉन ४० मिमी मायक्रो: नावाला १:१, कामाला चपलेचा ठसा

एएफ-एस डीएक्स मायक्रो निक्कोर ४० मिमी एफ/२.८जी. एवढं लांबलचक नाव आणि वजन फक्त २३५ ग्रॅम. २०११ साली आलेली ही लेन्स कॅमेऱ्याच्या दुकानात फुला-किड्यांची स्वस्तातली मॅक्रो म्हणूनच दाखवली जाते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांमधली किंवा राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या गांधीनगर-गोव्यातल्या वर्गांमधली मुलं घटनास्थळाच्या फोटोंसाठी स्वतःचा संच जमवायला निघाली की बहुतेकदा याच लेन्सपाशी थांबतात. पोलीस ठाण्याचं बोलावणं आलं की पंचनाम्याला जाणाऱ्या तालुक्याच्या स्टुडिओवाल्यांचंही तेच. ‘१:१ मिळतं, तेही कमी पैशांत’ हे दोघांचं कारण. (१:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटणं.) खरेदी बरोबर आहे, कारण चुकलंय. १:१ हीच या लेन्सची सगळ्यात लंगडी बाजू आहे. तिची खरी ताकद सत्तर सेंटीमीटरवरून खाली बघताना कळते.

हे परीक्षण निकॉन डी७५०० या बॉडीवरचं आहे. ही बॉडी २०१७ची. मिररलेसचं युग आल्यापासून वापरलेल्या बॉड्या बाजारात भरपूर दिसतात. सेन्सर २३.५ × १५.७ मिमीचा, चित्र ५५६८ × ३७१२ पिक्सेलचं. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच चालतो.

आधी १:१ची भानगड. १:१ला ही लेन्स सेन्सरपासून १६.३ सेंटीमीटरवर फोकस करते. त्यातून बॉडीची जाडी आणि पुढे सरकलेली नळी वजा केली, तर काचेपुढे जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उरतात. त्या फटीतून प्रकाश शिरवायचा कुठून? बॉडीचा फ्लॅश उघडला तर लेन्सचीच अर्धगोल सावली फोटोच्या खालच्या भागावर पडते. टॉर्च तिरपा धरला तर नळी आड येते. शिवाय इतक्या जवळ, कॅमेऱ्यावर एफ/११ दिसत असताना स्पष्ट दिसणारी खोली असते साधारण अर्धा मिलीमीटर. गज कापलेल्या पटाशीच्या खुणा, काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावरची फायरिंग पिनची खूण, कपड्यावरचा एखादा धागा यांना हा खेळ परवडत नाही. तिथे ८५ मिमीची डीएक्स मायक्रो किंवा १०५ची व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी) लागते. १:१ला पहिलीत साधारण १४ आणि दुसरीत १५ सेंटीमीटर जागा मिळते. ६० मिमी मायक्रो मधली, पाच सेंटीमीटरची. (जवळ जाताना कॅमेरा एफ/२.८ दाखवेनासा होतो आणि आकडा एफ/४च्या वर जातो, हा बिघाड नाही. निकॉनची बॉडी मायक्रो लेन्सवर प्रत्यक्ष पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा दाखवते. ‘लेन्स खराब आहे’ म्हणून परत करणारे कमी नाहीत.)

मग हाताच्या बोटाच्या ठशाचं काय? इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. सुप्त, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या ठशाच्या फोटोला मूळ आकारात इंचाला १००० पिक्सेल हा रूढ निकष आहे. ५५६८ला हजाराने भागलं की ५.५७ इंच, म्हणजे १४ सेंटीमीटर. उभ्या बाजूला साडेनऊला थोडं कमी. म्हणजे चौकटीची रुंदी १४ सेंटीमीटरच्या आत राहिली की निकष पार झाला. १:१ची गरजच नाही! १० सेंटीमीटर रुंदीची चौकट धरली तर इंचाला १४०० पिक्सेल मिळतात, ठशाशेजारी मोजपट्टी आणि पुराव्याचं चिठोरं मावतं, आणि लेन्ससमोर तिरप्या प्रकाशाला मोकळी जागा राहते. ठसा फारच फाटका असेल तर १:२ला जा. चौकट ४७ × ३१ मिमी, इंचाला सुमारे ३००० पिक्सेल. त्यापुढे गेलात तर रेषा वाढत नाहीत, फक्त पावडरचे कण मोठे दिसतात.

स्टीलच्या डब्यावरचा ठसा हा मात्र वेगळाच छळ. सरळ फ्लॅश मारला की मधोमध पांढरा भपका येतो आणि डब्याच्या गोलाईमुळे दोन्ही कडा फोकसमधून सुटतात. प्रकाश बाजूने आणावा, मध्ये ट्रेसिंग पेपर धरावा, डबा फिरवत दोन-तीन फोटो घ्यावेत. प्रत्येकात मोजपट्टी हवी. कोणती पावडर घ्यायची हे ठसेतज्ज्ञ ठरवतील: पांढऱ्या टाइलवर काळी, काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर करडी किंवा रुपेरी. फोटोग्राफरने एकच हट्ट धरावा, टेप लावून ठसा उचलण्याआधी फोटो. टेप सुरकुतली तर उरतो तो फोटोच.

आता जिथे ही लेन्स कमावते तिथे येऊ. मातीतला चपलेचा ठसा.

पुरुषाच्या पायाचा ठसा २८ ते ३० सेंटीमीटरचा. शेजारी मोजपट्टी धरून चौकटीची लांबी ३६ सेंटीमीटर घ्यावी लागते. ४० मिमी लेन्सने ही चौकट भरायला सेन्सर ठशापासून साधारण ७० सेंटीमीटरवर लागतो. म्हणजे साध्या ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा घालून कॅमेरा पायांच्या मध्ये टांगला की झालं. हेच काम ८५ मिमीने करायचं तर कॅमेरा दीड मीटरच्या आसपास न्यावा लागतो, आणि तिथून सरळ खाली बघणारा ट्रायपॉड बांधावर उभा राहत नाही. ६० मिमीला एक मीटर. जमतं, पण तारांबळ होते. १८-१४० मिमीची सोबतची झूम १८वर वापरणारेही असतात. त्यात कडा फुगतात आणि टाच-बोटांचं अंतर मोजायला घेतलं की फोटो खोटं बोलतो. ४० मिमीत असा फुगवटा नगण्य आहे. ३६ सेंटीमीटरच्या चौकटीत इंचाला ३९० पिक्सेल मिळतात. तळव्यावरची झीज, रुतलेला खिळा, शिवण सुटलेली कड दिसायला तेवढे भरपूर.

पद्धत अशी. लेन्सवरची फोकस मर्यादेची कळ ०.२ मीटर ते अनंतावर ठेवा, म्हणजे ऑटोफोकस उगाच जवळ-लांब भटकत नाही. ट्रायपॉडवर बसल्यावर फोकस हाताने: लाइव्ह व्ह्यू सुरू करून चित्र मोठं करा आणि ठशाच्या तळाच्या नक्षीवर फोकस लावा, मातीच्या काठावर नाही. ॲपर्चर एफ/८ ते एफ/११, आयएसओ १०० किंवा २००, ऑटो आयएसओ बंद. केबल रिलीज एमसी-डीसी२. केबल नसेल तर सेल्फ टायमर. कॅमेरा जमिनीला समांतर नको, ठशाला समांतर हवा. उतारावरचा ठसा असेल तर पातळी दाखवणारी खूण जुळली म्हणून खूश होऊ नका. ती पृथ्वीला समांतर आहे, ठशाला नाही.

मोजपट्टी कुठे ठेवायची यात सर्वाधिक घोळ होतो. ठसा एक सेंटीमीटर खोल असेल आणि पट्टी वर, मातीच्या पृष्ठभागावर ठेवली, तर पट्टी कॅमेऱ्याला सेंटीमीटरभर जवळ येते. लेन्सपासून ६५ सेंटीमीटर अंतरावर हा फरक दीड टक्क्याचा. २८ सेंटीमीटरच्या बुटावर चार मिलीमीटरहून जास्त, म्हणजे बुटाचा जवळजवळ अर्धा नंबर. पट्टी मोठी दिसते, म्हणून ठसा मोजला की लहान भरतो. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलाला एवढं पुरतं. उपाय फुकटचा आहे: ठशापासून चार बोटं सोडून शेजारी चर खणा आणि पट्टी तळाच्या पातळीवर ठेवा.

पट्टी म्हणाल तर दंतवैद्यक-न्यायविज्ञानातली काटकोनी एबीएफओ क्रमांक २. १९८०च्या दशकाच्या अखेरीस चाव्याच्या खुणांसाठी बनलेली ही पट्टी आता सगळीकडे चालते. तिच्यावरची तीन वर्तुळं शोभेची नाहीत. कॅमेरा तिरपा असेल तर फोटोत वर्तुळ लंबगोल दिसतं, आणि तिरकेपणा किती ते मोजून नंतर सुधारता येतं. इंटरनेटवरून उतरवून छापलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. छपाईच्या खिडकीतला ‘पानात बसवा’ हा पर्याय तिला दोन-चार टक्के आक्रसून टाकतो. स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिलं की लगेच कळतं. चकचकीत लॅमिनेशनही नको, फ्लॅशमध्ये आकडेच पांढरे होतात. चपलेच्या ठशाला एबीएफओ आखूड पडते. तिथे ३० सेंटीमीटरची मॅट काटकोनी पट्टी घ्यावी.

प्रकाशाबाबत तर या संचात पैसे ओतायलाच हवेत. खोल ठशाची नक्षी सावलीतून उभी राहते. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून चार-पाच फूट लांब, जमिनीपासून अगदी खालच्या कोनात न्यायचा. कमीत कमी तीन बाजूंनी, जमलं तर चारही. ऊन असेल तर छत्री धरून आधी ते अडवायचं, नाहीतर फ्लॅशची सावली दिसतच नाही. बॉडीचा छोटा फ्लॅश निकॉनच्या एसबी-७००सारख्या फ्लॅशला बिनतारी चालवू शकतो, ही डी७५००ची जमेची बाजू. पण तो इशारा प्रकाशाचा असतो. भर दुपारी उघड्यावर तो पोचत नाही आणि फ्लॅश मुका राहतो. एससी-२८ तार सावलीत-उन्हात दोन्हीकडे चालते, पण ती दीड मीटरच. म्हणून रेडिओ ट्रिगर. रिंग फ्लॅश विकत घ्यायचा मोह इथे आवरा. तो सावल्या मारतो, म्हणजे ठशाची नक्षीच मारतो. तोंडाच्या आतल्या जखमेला उत्तम, मातीला निरुपयोगी. काळ्या मातीत ओला ठसा असेल तर घाई करावी लागते, कारण उन्हात ती भेगाळते आणि भेग नक्षीवरून आरपार जाते. शहाबादी फरशीवरच्या धुळीच्या ठशाला उलटं करा. खोली अंधारी करा, टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा झोत टाका. झोत फिरवत राहा, एका कोनात अचानक अख्खा तळवा उमटतो. खोलीत शिरताच ट्यूबलाइट लावली की हा ठसा दिसत नाही आणि त्याच्यावरूनच सगळे चालत जातात.

अंधारातल्या कामाला एफ/२.८ बरं पडतं. पुसलेलं रक्त शोधणारं ल्युमिनॉल हे रसायन फवारल्यावरची निळसर चमक टिपायला एफ/२.८, आयएसओ ८०० ते १६००, ३० सेकंद इथून सुरुवात करा. ट्रायपॉड आणि फोकस दिवे घालवण्याआधीच पक्का. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते सुरू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद स्वतःशीच गुंतून बसतो आणि तेवढ्यात चमक मावळते. शेवटच्या सेकंदाला छताकडे तोंड करून एक अगदी हलका फ्लॅश दिला की चमकेसोबत खोलीही दिसते. नाहीतर हाती राहतो काळ्या पडद्यावरचा निळा डाग, कुठला ते न सांगणारा. चमकलं म्हणजे रक्तच असं नाही. ब्लीचिंग पावडरने पुसलेली मोरी आणि तांब्याची भांडीही चमकतात. म्हणून चमकणाऱ्या जागेचा उजेडातला फोटो त्याच चौकटीत आधी घेतलेला असावा.

४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात लाळ-वीर्याचे डाग बघताना नारिंगी फिल्टर लागतो. या लेन्सचं तोंड ५२ मिमी, फिल्टर लहान आणि स्वस्त. ८५ मिमीचंही तेच माप, एक फिल्टर दोघांना पुरतो. चष्म्याची नारिंगी काच हाताने लेन्सपुढे धरायचा प्रकार टाळा, बाजूने निळा प्रकाश आत येतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, कॅमेरा नारिंगी रंग ‘दुरुस्त’ करायला जातो.

या लेन्सची एक खोड राहिली. व्हीआर नाही. हातात धरून १/१००च्या खाली जाऊ नका. आणि ४० मिमी म्हणजे खोलीची लेन्स नव्हे. दारातून अख्खी खोली दाखवायला, चारही कोपऱ्यांतून एकमेकांत मिसळणारी दृश्यं घ्यायला १८ मिमी लागतेच. तिथे सोबतची झूम वापरा. मधल्या अंतराच्या फोटोला, म्हणजे सुरा आणि त्याच्या शेजारचा पलंगाचा पाय यांचं नातं दाखवायला, मात्र ४० मिमी छान बसते. जवळच्या फोटोची जोडी विसरू नका: आधी पट्टीशिवाय, मग पट्टीसह, तीच चौकट. पट्टीखाली काही लपवलं, हा आरोप पहिल्या फोटोने संपतो.

बॉडीवर आमची खरी तक्रार एकच. कार्डाचा खण एक. आधीच्या डी७२००ला दोन होते. या कामात दुसरं कार्ड ही चैन नव्हे. त्यामुळे जागेवरच लॅपटॉपवर नक्कल घेणं भाग पडतं. कपड्यांचा बारीक विणीचा पोत टिपताना दुसरी गोष्ट दिसते. डी७५००च्या सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक नक्षी किंचित मऊ करणारी काच) नाही, म्हणून सुती कापडावर कधीकधी रंगीत लहरी उमटतात आणि हलका डाग त्यात हरवतो. कॅमेरा थोडा मागे-पुढे केला की लहरी जातात. फोटो तिथेच मोठा करून तपासावा.

सेटिंगमध्ये फाइल नंबर सिक्वेन्स चालू ठेवा आणि एकही फोटो पुसू नका. हुकलेला, काळा, बुटाचा, काहीही असो. डीएससी_०४१२ नंतर ०४१४ आला की ०४१३मध्ये काय होतं हा प्रश्न येणारच. फोटो एनईएफमध्ये (निकॉनची रॉ फाइल), १४ बिट, सोबत जेपीईजी. अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग बंद, ते सावल्या आपल्या मनाने उजळतं. कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्यापूर्वी जुळवा. पंचनाम्यात साडेअकरा आणि फोटोत सव्वादहा, असं झालं की खुलासा देत बसावं लागतं. निकॉनच्या स्नॅपब्रिज ॲपने घड्याळ फोनशी जुळतं, ते सोयीचं आहे. पण त्यातली फोटो आपोआप फोनवर पाठवण्याची सोय बंद करा. मृतदेहाचे फोटो खासगी फोनच्या गॅलरीत जाणं हा अपघात नव्हे, निष्काळजीपणा.

हे सगळं आता नुसतं शिस्तीचं राहिलेलं नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)नुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि तिथल्या प्रक्रियेचं चित्रीकरण अपेक्षित आहे. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ झडती-जप्तीच्या चित्रीकरणाचं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून गणिताने काढलेली तिची ओळखखूण) लिहावं लागतं. प्रमाणपत्राशिवाय चित्रफितीचं काय होतं ते महाराष्ट्राला जालन्याने शिकवलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे असं ठरवलं. तेव्हा कलम जुनं, ६५ब होतं. व्यवहारात याचा अर्थ इतकाच: कार्ड लॅपटॉपला लावलं की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडण्याआधी नक्कल घ्या, एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढा, लिहून ठेवा. आडवा फोटो उभा करून सेव्ह केला तरी हॅश बदलतो. व्हॉट्सॲपवरून तपास अधिकाऱ्याला ‘लगेच’ पाठवलेली प्रत पुरावा नसते. ती दाबून लहान केलेली, एक्झिफ (फोटोत दडलेली तारीख-सेटिंगची नोंद) गमावलेली भलतीच फाइल असते.

लेन्स आणि बॉडी वापरलेलीच घेत असाल तर दोन गोष्टी बघा. बॉडीने किती शटर मारले ते एका ताज्या फोटोच्या एक्झिफमधून कळतं. डी७५००चं शटर दीड लाखासाठी तपासलेलं आहे, त्यामुळे लग्नाच्या फोटोग्राफरची एक लाख चाळीस हजारांवर गेलेली बॉडी कितीही स्वस्त असली तरी नको. लेन्समध्ये मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, विशेषतः कोकणात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्सला. साफ करून मिळते, पण काचेवरचा लेप खरवडलेला राहतो आणि फ्लॅशसमोर फोटो धुरकट येतो. घरी आल्यावर संच कपाटात नको. रबरी कडेचा हवाबंद डबा आणि निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. त्या गुलाबी झाल्या की बदलायच्या किंवा तापवून पुन्हा निळ्या करायच्या.